अवसेला आडपुळणीवर

म्हाळूआबांना एखादी विहीर दिसली की मालकाच्या आधी तिचा खडक आठवायचा. केजहून डांबरी सोडून आत गेलं की बोरदरा लागतं, तिथले ते राहणारे. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून विहिरी खोदण्याचं काम. आधी पहार आणि टोपलं, मग सुरुंगाची दारू, मग यारी आली. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभं करायचं लोखंडी यंत्र, खालून दगडमाती भरलेली बादली वर ओढणारं. आबांनी तिन्ही काळ पाहिले. त्यांनी खोदलेल्या कितीतरी विहिरींवर आज मोटारी चालू आहेत, आणि कितीतरी कोरड्या पडून त्यांत बाभळी उगवल्यात. कोरड्या विहिरींबद्दल त्यांना कुणी कधी बोल लावला नाही. पाणी लागणं न लागणं खोदणाऱ्याच्या हातात नसतं, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तलवाड्याच्या एका विहिरीवर मालकाची बायको रोज सकाळी हळदकुंकू घेऊन यायची आणि आबा खाली उतरायच्या आधी पहिल्या पायरीला लावायची. उन्हाळाभर आली. ती विहीर कोरडी गेली. त्या बाईचं तोंड आबांना विसरता येत नसे.

सुरुंगांनी हळूहळू त्यांचे कान घेतले आणि पायऱ्यांनी गुडघे. काम सुटलं तेव्हा यारी दुसऱ्या टोळीला देऊन ते घरी बसले. बसले ते बसलेच. सकाळी ओट्यावर, दुपारी लिंबाखाली, संध्याकाळी पुन्हा ओट्यावर. ऐकू कमी यायचं म्हणून लोक बोलायचे कमी, आणि लोक बोलत नाहीत म्हणून तेही बोलायचे नाहीत. त्यांची बायको भिवराबाई शेजारणीला म्हणायची, "घरात मानूस हाय का न्हाई, कळत न्हाई बघ. चहा ठिवला तर पेतंय, न्हाई ठिवला तर इचारीत बी न्हाई."

त्यांची धाकटी मुलगी योगिता कोकणात, राजापूर तालुक्यातल्या मोरवळ नावाच्या गावी झेडपीच्या शाळेत मास्तरीण होती. एका रविवारी तिनं फोन लावला आणि चित्र दाखवायला म्हणून फोन समुद्राकडं धरला. भिवराबाईंनी बघितलं, "लई पानी हाय गं," म्हणाल्या आणि फोन आबांच्या हातात दिला. आबांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आडवा केला.

"दुसरा काठ कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

योगिता काय म्हणाली ते त्यांना ऐकू आलं नाही. भिवराबाईंनी कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "न्हाईच म्हनती! काठ एकच हाय म्हनती!"

"आसं कसं? मग पानी धरून कुनी ठिवलंय?"

योगिता तिकडं हसली. आबा हसले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी हाताचा तळवा उताणा धरून त्यात काहीतरी बघितल्यासारखं केलं. पुढं आठवडाभर जेवताना मध्येच थांबून ते विचारायचे, उन्हाळ्यात ते पाणी कमी होतं का, त्यात गाळ असतो का, खाली खडक लागतो की माती. भिवराबाईंना काय माहीत असणार? त्या म्हणायच्या, "लेकीला इचारा." आणि मग एका सकाळी भाकरी थापताना मागून आवाज आला, "मला तितं जायाचंय."

भिवराबाईंचा हात परातीतच राहिला. काम सुटल्यापासून त्यांनी नवऱ्याच्या तोंडून 'मला' हा शब्द ऐकला नव्हता.

योगितानं मनावर घेतलं. तिच्या गावाजवळ एक मोठा किनारा होता, तिथं उंट होते, भेळेच्या गाड्या होत्या, पाण्यावर पळणाऱ्या बोटी होत्या. तिनं फोनवर ते सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जत्रा आपल्या हितं बी हाय. जितं कुनी नसंल आसं न्हाई का?"

योगिता ज्यांच्या घरात भाड्यानं राहायची त्या शेवंताकाकींना तिनं हे हसत हसत सांगितलं. काकी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुज्या बापाशीला आडपुळणीर ने."

आडपुळण डोंगराच्या पलीकडं होती. पुळण म्हणजे समुद्राकाठची वाळू. तिथवर रस्ता नव्हता. मध्ये खाडी आडवी यायची. पावसाळ्यात तर तिकडं जाण्याचं नावच नको, पण उन्हाळ्यात ओहोटीला खाडी चालत ओलांडता यायची.

"पन सादी ओहोटी नको," काकींनी समजावलं. "अवस नायतर पुनव पायजे. त्या दिसाला पानी सकाळी पार खाली जातं. उजाडताना पल्याड जायचं. दुपारी भरती येते, मग खाडी भरली. कोन येत नाय, कोन जात नाय. सांजच्याला परत उतरलं की घरी यायचं. दीसभर तिकडंच ऱ्हावं लागंल, मधी परत फिरायचं नाय."

योगितानं हे सगळं फोनवर भिवराबाईंना सांगितलं, भिवराबाईंनी आबांच्या कानात ओरडून सांगितलं, आणि निम्म्या गल्लीनं ऐकलं. आबांना ते फार आवडलं. पाणी दिवसातून दोनदा खाली जातं आणि वर येतं, ही गोष्ट त्यांनी भिवराबाईंकडून तीन वेळा वदवून घेतली.

आता दिवस ठरवायचा. चैत्री पौर्णिमेला गावात मारुतीची जत्रा, भंडारा. त्या दिवशी गाव सोडून जाणं शक्यच नव्हतं. वैशाखी पौर्णिमेपर्यंत योगिताच्या शाळेला सुट्टी लागून ती इकडं आलेली असणार, आणि तेव्हा समुद्र खवळायला लागतो असं काकी म्हणत. मध्ये उरली चैत्रातली अमावस्या.

आबांचे थोरले भाऊ रामकिसन हे ऐकून तरातरा घरी आले. माळकरी माणूस, गावात शब्दाला वजन. ते ओट्यावर बसले आणि धाकट्या भावाकडं बघत, पण भिवराबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "अवसेला बैलाच्या मानंवर जू ठिवीत न्हाईत आपण. आन् हा म्हातारा पान्यात चाललाय. कावून? दुसरा दीस मिळंना का?"

"समुद्राला दुसरा दीस चालत न्हाई, थोरले," भिवराबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाही अवस पटलेली नव्हती, पण दिरानं आडवं लावलं की त्या नेमक्या उलट्या बाजूनं बोलायच्या.

"आन् तितं देव कोंता हाय?"

"देव न्हाई."

"देव बी न्हाई? मग कशाला चालला रं म्हाळ्या इतक्या लांब?"

आबांना प्रश्न अर्धाच ऐकू आला. ते म्हणाले, "बघून यीन म्हनतो." रामकिसन चहा प्यायले, आणि जाताना म्हणाले, "जायचंच तर आदल्या दिवशी निघा. अवसेला गावची शीव वलांडू नका म्हंजी झालं." भिवराबाईंना तो तोडगा पसंत पडला. चतुर्दशीला पहाटे निघायचं, दिवसभर प्रवास, रात्री लेकीच्या घरी मुक्काम, अवसेच्या सकाळी आडपुळण. अवस सुरू होईल तेव्हा आपण कोकणात असू, आणि कोकणातल्या अवसेची जबाबदारी कोकणावर.

गाडी हा दुसरा पेच होता. आबांचा भाचा सुग्रीव केज ते बोरदरा वडापची, म्हणजे प्रवासी भरून नेणारी जीप चालवायचा. पण एप्रिल म्हणजे लग्नसराई. सुग्रीवची जीप रोज कुणाच्या ना कुणाच्या वऱ्हाडाला लागलेली. त्यानं पंचांग असलेलं कॅलेंडर काढलं, बोटानं तारखा दाबत गेला, आणि अमावस्येवर येऊन थांबला.

"मामी," तो म्हणाला, "अवसेला आन् तिच्या मागं-म्होरं तीथच न्हाई. लगीन न्हाई, साखरपुडा न्हाई. गाडी दारात हुबी ऱ्हानार हाय."

गाव ज्या दिवसाला नाक मुरडत होतं, तोच दिवस समुद्रालाही सोयीचा होता आणि जीपलाही. भिवराबाईंनी मनात म्हटलं, आता यात खोट काढायची नाही. पण एक अट त्यांनी घातली. "देव नसंल तर नसू द्या. म्या समुद्राची वटी भरनार. नारळ, खन, हळदकुकू, समदं घेनार." लहानपणी आईबापाबरोबर त्या कोल्हापूरकडं ऊसतोडीला जायच्या. ऊस तोडताना पश्चिमेला घाट दिसायचा आणि त्यांची आई म्हणायची, घाटाच्या पल्याड समुद्र हाय. फडातून कुणी कधी तिकडं गेलं नाही. ही गोष्ट भिवराबाईंनी इतक्या वर्षांत नवऱ्याला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

तयारी आठ दिवस चालली. आबांनी पाण्याचे दोन मोठे कॅन आणवले. "तितं पानीच पानी हाय," सुग्रीव म्हणाला. "खारं हाय," आबा म्हणाले, "पेयाचं आपलं आपल्यालाच न्यावं लागंल." सावलीला ताडपत्री घेतली, बांबू घेतले, दोरी घेतली. भिवराबाईंनी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, कांदे घेतले. आबा दिवसातून दोनदा सामानाशी जाऊन उभे राहायचे, दोरीची गाठ सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. शेजारीपाजारी विचारायला लागले तर ते स्वतःच सांगायचे, भरती म्हणजे काय, ओहोटी म्हणजे काय. ऐकणारा मोठ्यानं बोलायचा, हे मोठ्यानं उत्तर द्यायचे, आणि कितीतरी दिवसांनी त्या ओट्यावर माणसं थांबायला लागली.

चतुर्दशीला पहाटे निघाले. बार्शी, पंढरपूर, मग मिरज, कोल्हापूर. कोल्हापूरच्या अलीकडं उसाचे फड लागले तेव्हा भिवराबाई खिडकीला आल्या आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. अणुस्कुऱ्याच्या घाटात जीप उतरायला लागली तशी झाडी दाट झाली, माती लाल झाली. आबांनी सुग्रीवला गाडी थांबवायला लावली, खाली उतरून रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडीवर हात फिरवला. लाल, भोकं-भोकं पडलेला दगड.

"ह्यो काय खडक हाय व्हय," ते म्हणाले. "ह्याच्यातून पानी गळून जात आसंल."

दिवेलागणीला मोरवळला पोचले. योगिता रस्त्यावरच उभी होती. शेवंताकाकींनी तांदळाच्या भाकरी केल्या होत्या आणि चुलीवर वालाची उसळ. जेवताना काकींनी पुन्हा एकदा सगळं बजावलं, वाळूत कुठं पाय टाकायचा, चिखल कुठं आहे. "पानी चढताना दिसत नाय, हां," त्या म्हणाल्या. "हळू येतं. पन येतं."

अवसेला उजाडता उजाडता चौघं खाडीवर आली. पाणी खरोखरच उतरलं होतं. मोठा ओला पट्टा उघडा पडला होता आणि मधून गुडघाभर प्रवाह वाहत होता. योगिता ताडपत्री आणि बांबू घेऊन पुढं, मग आबा काठी टेकत, मग भिवराबाई लुगडं वर खोचून, डोक्यावर जेवणाचं गाठोडं. सुग्रीव दोन्ही खांद्यांवर कॅन घेऊन शेवटी. मध्यावर आल्यावर तो काकींनी सांगितलेल्या वाटेच्या जरा डावीकडं गेला आणि त्याचा पाय मांडीपर्यंत चिखलात गेला. तोल सावरताना एक कॅन सुटला आणि पाण्याबरोबर निघाला. तो धरायला वळला तसा दुसरा कातळावर आपटला. वाहता कॅन हाताला लागला नाही. दुसरा उचलला, तर त्याच्या बुडाला तडा गेलेला. पलीकडं पोचून कॅन उलटा करून बांबूला टेकवला, तेव्हा त्यात निम्म्याहून कमी पाणी उरलं होतं.

"परत जाऊन आनतो," सुग्रीव म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

योगितानं मागं बघितलं. प्रवाह रुंद झाल्यासारखा वाटत होता, की तिला तसं वाटत होतं कोण जाणे. "नको," ती म्हणाली. "काकी म्हनल्या मधी फिरायचं न्हाई. हाय तेवढ्यात भागवू."

डोंगराचं एक टोक वळून गेल्यावर आडपुळण एकदम समोर आली. पांढरी वाळू, त्यावर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांच्या रांगा, एकाही माणसाचं पाऊल नाही. आणि पुढं पाणी. आबा जिथं होते तिथंच थांबले. भिवराबाईंनी विचारलं, "काय म्हनता?" त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. त्यांनी वहाणा काढल्या, हातात घेतल्या, आणि देवळात चालावं तसं हळू हळू पाण्यापर्यंत गेले.

लाट आली, पायांवरून गेली, परत फिरली. पायांखालची वाळू सरकली तसे ते दचकले आणि काठी घट्ट धरली. मग दुसरी लाट आली.

"आवाज करतंय का गं हे?" त्यांनी योगिताला विचारलं.

"लई करतंय, आबा."

"मला येत न्हाई. पर पायाला लागतंय. लांब कुठं सुरुंग उडाला की पायाला लागतंय, तसं."

भिवराबाईंनी ओटीचं ताट काढलं. पण समुद्र अजून लांब होता, भरती येऊ दे, मग भरते, असं त्यांनी ठरवलं. पाहुणा दारात आल्यावर ओवाळायचं, असं त्यांचं म्हणणं. नारळ त्यांनी पदरात गुंडाळून सावलीत ठेवला.

ताडपत्री बांधली, दशम्या खाल्ल्या. चटणी तिखट होती. ऊन चढलं तसं वाळूनं तापायला सुरुवात केली. बीडचं ऊन यापेक्षा कडक, पण कोरडं. इथलं ऊन अंगाला चिकटत होतं, घाम वाळत नव्हता. कॅनमधलं पाणी दुपारच्या आतच संपलं. तोवर खाडी भरून तिचं दोन्ही काठांना लागलेलं रुंद पात्र झालं होतं. योगितानं फोन डोंगराच्या पायथ्याशी नेऊन उंच धरला, रेंज नव्हती.

भिवराबाई ताडपत्रीखाली आडव्या झाल्या. आधी म्हणाल्या, जरा डोळा लागतोय. मग म्हणाल्या, गरगरतंय. योगितानं त्यांच्या कपाळाला हात लावला आणि घाबरली. "माय, नारळ फोडते. त्यातलं पानी पे."

"फोडू नको," भिवराबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "समुद्राचा हाय त्यो."

"माय, आता कसला समुद्र—"

"समुद्राचा नारळ समुद्रालाच."

योगिता रडकुंडीला आली. "माझंच चुकलं," ती सुग्रीवला म्हणाली. "म्याच हितं आनलं समद्यांला." सुग्रीव कॅनकडं बघत होता. त्याला वाटत होतं आपलं चुकलं.

आबा उशाशी बसून बायकोच्या तोंडाकडं बघत होते. भिवराबाईंनी डोळे उघडले आणि त्यांना म्हणाल्या, "बसून काय ऱ्हायला? खांदा की."

हे त्यांना ऐकू आलं. "हितं? समुद्राच्या कडंला? खारंच लागंल."

"लागू द्या खारं. आमाला रानात सोडून समदं आयुष्य खांदण्यात घातलं, आन् आता म्हनं खारं लागंल."

आबा उठले. फावडं नव्हतं, टिकाव नव्हता. योगितानं आणलेल्या पातेल्याचं झाकण घेतलं आणि सुग्रीवला हाक मारली. ताडपत्रीजवळच वाळू उकरायला लागले. थोड्याच वेळात ओल लागली, मग पाणी. आबांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. "म्हनलं हुतं ना," ते म्हणाले. पण आता हातानं काम धरलं होतं आणि ते सोडवेना. ते उभे राहून आजूबाजूला बघायला लागले. वाळू जिथं संपून डोंगर सुरू होत होता तिथं एक जुनं मोठं झाड होतं, गर्द पानांचं, आणि त्याच्याखाली एप्रिलातही हिरवं गवत. त्यांनी डोंगराकडं बघितलं. तोच लाल, भोकांचा दगड.

"तिकडं चल," ते सुग्रीवला म्हणाले. "लागंल का न्हाई, मला म्हाईत न्हाई. पर तिकडं चल."

झाडाखाली दोघांनी पुन्हा सुरुवात केली. वरची वाळू सारखी ढासळत होती, म्हणून आबांनी खड्डा रुंद धरला. गुडघे दुखत होते म्हणून ते वाळूत पोटावर पडून उकरत होते. सुग्रीव वाळू बाजूला ओढत होता. खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना थंड लागलं. मग तळाशी हळूहळू पाणी जमायला लागलं, आधी गढूळ, मग थोडं स्वच्छ. आबांनी ओंजळीत घेतलं. तोंडात धरलं. गिळलं नाही. पुन्हा घेतलं.

"खारं हाय?" सुग्रीवनं विचारलं.

आबांनी मान आडवी हलवली. मग म्हणाले, "गोडं हाय."

"मामा?"

"तू पेऊन बघ. मला वाटतंय गोडं हाय. माझं तोंड खरं सांगतंय का, बघ."

सुग्रीवनं पिऊन बघितलं. थोडं मचूळ होतं, पण पिण्याजोगं होतं. तो पातेलं भरून पळत ताडपत्रीकडं गेला. योगितानं पाणी आधी फडक्यातून गाळलं, मग आईला पाजलं, तिच्या तोंडावर, मानेवर शिंपडलं. थोड्या वेळानं भिवराबाई उठून बसल्या. आणखी पाणी मागितलं. मग विचारलं, "आबा कुठं हायती?"

आबा खड्ड्याशीच बसले होते. योगिता त्यांच्याकडं गेली. तिला वाटलं ते खूश असतील. ते खड्ड्यात बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय झालं, आबा?"

"काय न्हाई."

ती शेजारी बसली. ते म्हणाले, "हातानं लागलं गं. यारी न्हाई, दारू न्हाई. हातानं. आन् तलवाड्याला ती बाई रोज हळदकुकू घिऊन यायची." योगिताला तलवाड्याची बाई माहीत नव्हती. तिनं विचारलंही नाही. त्यांचा वाळूनं भरलेला हात तिनं आपल्या हातात घेतला आणि दोघं तसेच बसले. खड्ड्यात पाणी उगवत होतं. काढलं तितकंच पुन्हा भरत होतं.

भरती पूर्ण आली तेव्हा भिवराबाईंनी ओटी भरली. लाटेनं खण नेला, सुपारी नेली, नारळ मात्र दोनदा परत आणून टाकला. तिसऱ्यांदा सुग्रीवनं तो लांब फेकला. मग भिवराबाई नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात बसल्या आणि म्हणाल्या की त्यांना कुणी उठवू नये. आबाही त्यांच्या शेजारी जाऊन बसले. लाट आली की दोघं एकमेकांचा दंड धरायची.

ऊन कलल्यावर आबांनी खड्ड्याभोवती दगड रचले, कडेची वाळू आत पडू नये म्हणून फांद्या खोचल्या. पुन्हा कोण येणार होतं तिथं, पण तसंच सोडून जाणं त्यांना जमत नव्हतं.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा खाडी पुन्हा उतरली होती. पलीकडच्या काठावर शेवंताकाकी उभ्या होत्या. एक निळा कॅन दुपारी त्यांच्या भावाच्या होडीला अडकला होता, तो ओळखून त्या येऊन थांबल्या होत्या. खाडी ओलांडल्यावर योगितानं सगळी हकिकत सांगितली. आबांनी झाडाखाली पाणी काढलं म्हणून सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात अभिमान होता.

"उंडणीच्या झाडाबुडी?" काकी म्हणाल्या. "तितं गोडंच हाय पानी. आमची आजी सांगायची, पूर्वी दोन घरं होती तितं. त्यांची विहीर होती. मीच सांगायची इसरले बाय."

योगिताचा चेहरा पडला. भिवराबाईंनी हे आबांच्या कानात ओरडून सांगितलं, तेव्हा आबा मात्र मोठ्यानं हसले. योगितानं त्यांना असं हसताना लहानपणी कधीतरी पाहिलं होतं. "मग बरं झालं," ते म्हणाले. "म्हंजी मानसं ऱ्हात हुती."

बोरदऱ्याला परतल्यावर रामकिसनांनी देव विचारला नाही. पाणी विचारलं. आबांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि अर्ध्या गावानं विश्वास ठेवला नाही. समुद्राच्या काठी गोडं पाणी, तेही हातभर खाली, असं कुठं असतं का? आबा वाद घालायचे नाहीत. पण ओट्यावर बसायचं त्यांनी कमी केलं. कुणाची विहीर चालू असली की ते तिथं जाऊन काठावर बसायला लागले. खाली कामाला असलेल्या माणसांना मोठ्यानं काहीबाही सांगायचे, त्यातलं निम्मं ते ऐकायचे.

पुढच्या वर्षी चैत्रात आबांचा गुडघा फार सुजला होता. खाडी चालणं शक्य नव्हतं. भिवराबाई मात्र थांबल्या नाहीत. त्यांची बहीण सत्यभामा, शेजारच्या मुक्ताबाई आणि आणखी दोघी, अशा सुग्रीवच्या जीपमधून चतुर्दशीला निघाल्या. या वेळी कॅन चार होते. आबा घरी राहिले, अवसेच्या सकाळी म्हशीला पाणी दाखवलं आणि रामकिसनांकडं जेवायला गेले.

"आत्ता पोचल्या आसतील का पल्याड?" रामकिसनांनी भाकरी वाढता वाढता विचारलं.

"कवाच. आता पानी चढतंय."

भिवराबाई चौथ्या दिवशी परत आल्या, ऊन लागून काळ्या पडलेल्या आणि आवाज बसलेला. खड्डा बुजला होता म्हणाल्या, पण दगड होते. सत्यभामेनं आणि त्यांनी मिळून पुन्हा उकरला. येताना शेवंताकाकींनी डबाभर आमसुलं दिली होती. पावसाळा संपेपर्यंत त्या घरात आमटी आमसुलाचीच झाली. आबांना ती आंबट चव काही आवडली नाही. पण ते वाढली तेवढी खात होते.